दुसऱ्याच्या रानात शिकारीची परवानगी कशी मागायची? (विस्कॉन्सिनचे अनुभव, तुमचेही लिहा)

बांधावरचा | ६ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

शिकार करावी की करू नये यासाठी हा धागा नाही. त्यासाठी वेगळा काढा, मी तिथे येऊन निमूट शिव्या खाईन. इथे फक्त परवानगीबद्दल बोलू.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, गेली अकरा वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ. दोन वर्षांपूर्वी शिकारीचा कोर्स केला. इथे १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तो केल्याशिवाय परवाना मिळत नाही. पहिल्या वर्षी सरकारी रानात गेलो. बंदुकीचा हरणाचा हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि राज्यात पाच लाखांवर लोक बाहेर पडतात. पहाटे पाचला जागेवर पोचलो, तर प्रत्येक ओकच्या बुंध्याशी एक नारिंगी टोपी. कंबरेच्या वर निम्मे कपडे भडक नारिंगी नाहीतर गुलाबी हवेत असा नियम आहे, त्यामुळे गर्दी नीट मोजता येते. एकवीस मोजली आणि घरी आलो.

म्हणून खाजगी जमीन. इथली गंमत अशी की हरीण जमीनमालकाचं नसतं. ते सगळ्या जनतेचं, राखण राज्याची. जमीन मात्र मालकाची. म्हणजे हरणाची परवानगी राज्याकडून (पैसे भरा, टॅग घ्या, पाच मिनिटांचं काम) आणि पाय ठेवायची परवानगी मालकाकडून. या दुसऱ्या कामाला मला दोन महिने लागले.

नकाशाच्या ॲपवर प्रत्येक तुकड्याच्या मालकाचं नाव दिसतं, सातबारा खिशात घेऊन फिरल्यासारखं. ऑगस्टमध्ये सुरुवात केली. सात दारं, सात नकार.

दोघांचं उत्तर एकच: "आमची पोरं येतात थँक्सगिव्हिंगला." याला काही बोलता येत नाही. एकाची जमीन शिकागोच्या कंपूने भाड्याने घेतलेली. एक जण काचेच्या दारामागूनच "नो" म्हणाला आणि मी पायऱ्या उतरून गाडीत बसेपर्यंत तसाच उभा राहिला. एका आजींनी मला वीस मिनिटं ओसरीवर उभं केलं आणि मागच्या शिकाऱ्याची कथा सांगितली. त्याने फाटक उघडं टाकलं, रात्री अकरा कालवडी हायवेवर. नवरा तेव्हा हयात होता, तो आणि त्या बॅटरी घेऊन पहाटेपर्यंत गुरं वळत होते. कथा संपली आणि म्हणाल्या, "तर, नाही." मला राग आला नाही. अकरा कालवडी म्हणजे काय ते मला कळतं.

सहाव्याकडे माझा शुद्ध गाढवपणा झाला. मी संध्याकाळी पाचला गेलो. दुधाचा धंदा, धारा काढायची वेळ. आमच्याकडे त्या वेळी कोणी गप्पा मारायला आलं की म्हैस पान्हा चोरायची आणि आई त्या पाहुण्याचा उद्धार करायची. तो गृहस्थ आईपेक्षा सभ्य निघाला, एवढंच. सातवा फोन करतो म्हणाला. अजून करतोय.

आठवा म्हातारा, सत्तरीच्या पुढचा. मी गेलो तेव्हा ट्रॉलीवर गवताचे गठ्ठे चढवत होता, एकटा. मी विचारायला तोंड उघडलं आणि लाज वाटली. आधी गठ्ठे चढवले. दीड तास. तीस-पस्तीस गठ्ठ्यांनंतर सुतळीने बोटं कापली, हातमोजे नव्हते. मग त्यानेच विचारलं, "तू आलास कशाला?"

सांगितल्यावर त्याने हरणांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याचे प्रश्न: आणखी कोण येणार? कुठल्या दिशेला नळी करणार? कोणत्या वेळी जाणार? मग मला टेकाडावर नेलं. हा ड्रिफ्टलेस भाग, हिमनद्यांनी न घासलेला, टेकड्या आणि घळींचा. त्या टेकाडामागे, झाडीत अजिबात न दिसणारं, त्याच्या मुलीचं घर होतं. "इकडे कधीच नाही," एवढंच बोलला.

अटी अशा: मी एकटाच. आदल्या संध्याकाळी फोन. आधी मादी, मग हवं तर शिंगवाला (मका खातात त्या माद्याच, असं त्याचं मत). आणि फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. मी शहाणपणा करून उघडं फाटक बंद केलं तर गुरं पाण्यापासून तुटतील, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

कायद्याने तोंडी परवानगी चालते. तरी मी नाव, फोन, गाडीचा नंबर, तारखा आणि अटी लिहून नेल्या. त्याने चष्मा शोधला, वाचलं, पेन्सिलीने सही केली. मी पैसे देऊ का विचारल्यावर हात झटकला. नंतर कळलं की ते त्याच्याही फायद्याचं आहे. फुकट फिरू दिलं आणि आलेला माणूस पडला-झडला तर मालकावर दावा सहसा टिकत नाही, असा इथे कायदा आहे (कलम ८९५.५२). वर्षाला २००० डॉलरच्या वर घेतले तर ते संरक्षण जातं.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. आणि गावाकडे डुकरांचं काय चाललंय तेही सांगा.

---

पॉपकॉर्नवाला | ६ ऑक्टोबर

खुर्ची पकडली आहे. गठ्ठ्यांचा भाग आवडला. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

साजूक_तूप | ६ ऑक्टोबर

पहिल्याच ओळीत वाद नको म्हणायचं आणि मग मुक्या जनावराला मारायच्या परवानगीवर लांबलचक लिहायचं. हरणाची परवानगी राज्याकडून! हरणाला कोणी विचारलं का?

---

बांधावरचा | ६ ऑक्टोबर

@साजूक_तूप, नाही विचारलं. मुद्दा मान्य आहे. वेगळा धागा काढा, खरंच येतो.

---

टेक्सासचे_तात्या | ७ ऑक्टोबर

दार ठोठावणं वगैरे आमच्याकडे विसरा. टेक्सासात ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आणि शिकार हा तिथला धंदा. एकराच्या हिशेबाने वर्षाचं भाडं, त्यावर करार, त्यावर विमा. मी चौघांत मिळून घेतो, आकडा बायको हा धागा वाचते म्हणून लिहीत नाही.

अपवाद रानडुकराचा. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली आणि आता पिकांचा चुथडा करतात. २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाची संमती असेल तर, डुकरासाठी शिकारीचा परवानाच लागत नाही. २०११ पासून हेलिकॉप्टरमधूनही मारतात. तिथले शेतकरी परवानगी देताना खुश असतात, पण प्रश्न हेच: गोळी कुठे जाणार, गुरं कुठे आहेत, फाटक.

एक लक्षात ठेवा. झाडाच्या बुंध्यावर किंवा खांबावर जांभळा उभा पट्टा दिसला (तीन ते पाच फूट उंचीवर, निदान आठ इंच लांब) तर ती पाटीच आहे: आत यायचं नाही. मी पहिल्या वर्षी समजत होतो की वनखात्याने तोडायच्या झाडांवर खुणा केल्यात. थोडक्यात वाचलो.

---

घरटं_शोधतोय | ७ ऑक्टोबर

भाबडा प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे, मिल्वॉकीला. मला बंदूक हातात धरता तरी येते का? ऑफिसातला मित्र चल म्हणतोय.

---

बांधावरचा | ७ ऑक्टोबर

@घरटं_शोधतोय, भाबडा अजिबात नाही, हा प्रश्न न विचारणारे अडकतात. केंद्राच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. मित्राची असली तरी. अपवादांपैकी आपल्या कामाचा एक: कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना तुमच्या नावावर असला तर ती मनाई लागू होत नाही. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही. व्हिसा पणाला लागतो तिथे माझ्यासारख्याचं ऐकून थांबू नका, वकिलाला विचारा. नाहीतर धनुष्य घ्या, ते या कायद्यात येतच नाही. हंगामही मोठा, सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. शिवाय धनुष्यवाल्याला शेतकरी लवकर हो म्हणतात. आवाज नाही, गोळी मैलभर जात नाही.

---

जुना_मिशिगनकर | ८ ऑक्टोबर

मी १९८८ पासून इकडे आहे. लेख चांगला, पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये, तर मी बोलतो.

विस्कॉन्सिनच्या सॉयर काउंटीत नोव्हेंबर २००४ मध्ये काय झालं ते ठाऊक असेल. एक हमोंग (लाओसकडून आलेला आशियाई समाज) शिकारी दुसऱ्याच्या रानातल्या मचाणावर बसलेला सापडला, मालक मंडळींशी बाचाबाची झाली, आणि त्याने आठ जणांवर गोळ्या झाडल्या. सहा मेले. त्याला जन्मठेप झाली. त्याचं म्हणणं होतं की मला वंशावरून शिव्या दिल्या आणि पहिली गोळी त्यांनी झाडली. ज्युरीने ते मानलं नाही. पुढची कित्येक वर्षं त्या भागात कुठलाही आशियाई चेहरा रानात दिसला की लोक ताठ व्हायचे. जानेवारी २००७ मध्ये एका हमोंग शिकाऱ्याला रानातच एका गोऱ्याने मारलं.

घाबरवायला सांगत नाही. पण आपल्यासारख्याने दुसऱ्याच्या रानात "चुकून" असणं आणि तिथल्या शेजाऱ्याने चुकून असणं यात फरक पडतो. मी अजूनही: भर दिवसा जातो, कॅमोफ्लाजचे कपडे घालून दार वाजवत नाही, गाडी रस्त्यावरून दिसेल अशी लावतो, घंटी वाजवून चार पावलं मागे उभा राहतो. पहिल्या वेळी बायकोला बरोबर नेतो. तिला हे अजिबात आवडत नाही, पण दारं उघडतात.

लेखी कागद घेतलास ते उत्तम केलंस. तो गाडीत नको, अंगावर ठेव.

---

बांधावरचा | ८ ऑक्टोबर

काका, हे लिहिलंत ते बरं झालं. काचेच्या दारामागचा जो होता, त्याच्याबद्दल मी मुद्दाम थोडक्यात लिहिलं होतं. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि माझ्या मनात काय आलं ते लिहायचं धाडस झालं नाही.

---

कोल्हापूरची_सून | ९ ऑक्टोबर

मी मिनेसोटात. दार ठोठावायला मला धीर होत नव्हता म्हणून पत्रं लिहिली. हाताने, शाईच्या पेनाने, एका पानाची. कोण आहे, कुठे काम करते, मुलगा कुठल्या शाळेत, कोणत्या आठवड्यात यायचंय, आणि आत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट. चौदा पाठवली. नऊ गप्प, तीन नकार (एकाने नकारासोबत छान अक्षरात शुभेच्छा लिहिल्या), दोन होकार. एक जण अजून येऊ देतो, सहावं वर्ष.

आभार म्हणून काय देता? इथे लोक मांसाचा वाटा किंवा दुकानाचं कार्ड देतात. आमचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे दिवाळीच्या आसपासच येतो, म्हणून मी फराळाचा डबा नेते. चकली त्यांना फार आवडते. कडबोळ्याला "हे चुकलेलं आहे का" विचारतात.

---

पॉपकॉर्नवाला | ९ ऑक्टोबर

कडबोळ्याचा अपमान सहन केला जाणार नाही.

---

म्युनिककर | १० ऑक्टोबर

जर्मनीत अर्ध्या गोष्टी उलट्या आहेत. शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला, पण तुमची जमीन सलग ७५ हेक्टरपेक्षा लहान असेल तर तो तुम्हाला स्वतः वापरता येत नाही. गावातल्या लहान मालकांची मिळून एक संस्था असते (सभासदत्व आपोआप, पूर्वी नाही म्हणायची सोयच नव्हती) आणि ती सगळं रान एखाद्या शिकाऱ्याला कितीतरी वर्षांच्या पट्ट्याने देते. दार ठोठावून उपयोग शून्य. त्या पट्टेदाराने पाहुणा म्हणून बोलावलं तरच जायचं.

पट्टेदारी फुकटची मिजासही नाही. डुकरांनी मका लोळवला तर पुष्कळदा भरपाई त्याच्याच खिशातून जाते. म्हणून रात्र-रात्र मचाणावर बसतो बिचारा.

यात एक माणूस कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, माझा शिकारीला विरोध आहे, मग माझ्या जमिनीवर लोकांनी बंदुका घेऊन का यायचं? प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि जून २०१२ मध्ये तो जिंकला. त्यानंतर इथे कायदा बदलला, विवेकाचं कारण देऊन जमीन बाहेर काढता येते. @साजूक_तूप, तुमच्यासाठी.

---

साजूक_तूप | १० ऑक्टोबर

धन्यवाद. या धाग्यावर आल्याचं सार्थक झालं.

---

भाताचो_राखणदार | १२ ऑक्टोबर

दोडामार्गातसून लिवतंय. तू दुसऱ्याच्या रानात परवानगी मागतंस, हय स्वतःच्याच रानात मागूक लागता. माझा भात पन्नास गुंठे. डुकरां रात्री दोन-तीनाक येतत आणि कोपरो सगळो लोळवून जातत. खातत थोडां, नासतत जास्त.

बाकीच्यांसाठी सरळ मराठीत लिहितो. शेतसंरक्षणाची एक नळीची बंदूक वडिलांच्या नावावर आहे, घरात १९६८ पासून. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि निवडणुका नेमक्या भात पिकायला लागतात. आजोबांच्या वेळी हाका घालायचे. वीस माणसं, चार कुत्रे. डुक्कर पडलं की वाटे पडायचे: बंदूकवाल्याचा, हाकाऱ्यांचा, आणि ज्याच्या जमिनीत पडलं त्याचाही. त्यामुळे कोणी कोणाला परवानगी विचारत नसे, वाट्यातच ती आली. आता कोणी हाका घातला तर सरळ गुन्हा.

आणि मग होतं काय, तर लोक फासकी लावतात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, मग पेपरात फोटो. कोण म्हणतो कुंपणात करंट सोडा, त्यात माणसं मेलेली आहेत. हत्तींचं बोलतच नाही, ते वेगळं पुराण.

---

कलम_वाचक | १२ ऑक्टोबर

थोडं नेमकं लिहितो, कारण गावाकडे यावर बऱ्याच अफवा आहेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं. जमीन कोणाची याला काही अर्थ नाही, स्वतःच्या परसातही बंदीच. कलम ११(१)(ख) मध्ये वाट आहे: प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकासकट, धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेशाने मारायची परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतल्या (कायद्यातली सगळ्यात कडक संरक्षणाची यादी) प्राण्यांसाठी ही वाट नाही, त्यांचे निकष वेगळे. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोहीसाठी (नीलगाय) शासन निर्णय निघाला. अर्ज वनक्षेत्रपालाकडे, त्यांनी २४ तासांत निर्णय द्यायचा. अर्जाची पोच घ्या, तारीख-वेळ घालून. पोच नसेल तर २४ तास कधी सुरू झाले हे कोण सांगणार?

आणि परवानगीने मारलं तरी ते डुक्कर तुमचं नाही. कलम ३९ नुसार ते सरकारी मालमत्ता. पंचनामा होऊन विल्हेवाट. वाटे पाडलेत तर परवानगी असूनही गुन्हा.

अमेरिकेत हरीण जनतेचं आणि मारल्यावर शिकाऱ्याचं. आपल्याकडे मेल्यावरही सरकारचं.

केरळने २०२२ मध्ये डुकरांपुरते हे अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांकडे दिले. आपल्याकडे तशी मागणी आहे. मला ती थोडी धोक्याची वाटते. बांधाचा वाद असलेल्या दोघांपैकी परवानगी कोणाला मिळेल ते सरपंच कोणाचा यावर ठरेल.

---

जागलीवरचा | १३ ऑक्टोबर

यवतमाळ. तुरीत रोही, चन्यात डुकरं. चार महिने जागलीवर झोपतो, मचाणावर, डबा वाजवत. रोह्याला मारायची परवानगी मिळाली तरी आमच्या गावात कोणी मारत नाही, त्याला गाईच्या जातीचं मानतात. सौर कुंपण लावलं अनुदानातून, दोन वर्षं बरं चाललं, मग बॅटरी गेली. डुकरं तेव्हापासून कुंपणाला पाठ घासतात.

परवानगीचा कागद मिळवणं एक, आणि ती बजावणारा माणूस मिळणं दुसरं. गावात परवान्याच्या बंदुका दोन. एकाचे मालक ऐंशीचे, दुसऱ्याचे पुण्याला.

---

बांधावरचा | १४ ऑक्टोबर

@जागलीवरचा, पाठ घासण्यावर हसलो, पण तुमची रात्र डोळ्यासमोर आली.

पीक नुकसानीवरून इथली एक सोय सांगतो, जी मला फार उशिरा कळली. विस्कॉन्सिनमध्ये ज्या शेतकऱ्याला हरणांच्या नुकसानीची सरकारी भरपाई हवी असते, त्याला बदल्यात आपल्या जमिनीवर लोकांना शिकार करू द्यावी लागते. अशा शेतांची यादी काउंटीच्या कार्यालयात मिळते. तिथे जाऊन दार वाजवलं तर निदान पहिलं वाक्य सोपं जातं. शिवाय ज्यांनी जंगलासाठी करात सवलत घेतलीय त्यातल्या काही खाजगी जमिनी लोकांना खुल्या असतात, तिथे विचारावंही लागत नाही. मी हे आधी शोधलं असतं तर सात दारं वाचली असती. पण मग गठ्ठेही उचलले नसते, सोडा.

---

बांधावरचा | २ डिसेंबर

हंगाम संपला. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथेच लिहितो. माझी चूकही सांगतो.

शनिवारी काही नाही. रविवारी दुपारी चारच्या सुमारास घळीच्या तोंडाशी तीन माद्या आल्या. सत्तर यार्ड. सगळ्यात मोठीवर गोळी झाडली. लागली, पण ती खाली पडली नाही, उतारावरून धावली. मी अर्धा तास बसून राहिलो, तसंच शिकवलेलं असतं, मागे लागायचं नाही. मग उतरलो. मक्याच्या खुंटांवर रक्ताचे थेंब, आधी नाण्याएवढे, मग मुठीएवढे. काटेरी तारेशी पोचलो. वरच्या तारेच्या काट्यात पांढरे केस अडकलेले, आणि पलीकडे चाळीस पावलांवर ती पडलेली. दिसत होती.

पलीकडची जमीन काचेच्या दारामागच्या माणसाची.

इथे कायदा स्वच्छ आहे. आपण मारलेलं हरीण दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन पडलं तरी त्याच्या परवानगीशिवाय आणायला जाता येत नाही. मी म्हाताऱ्याला फोन केला, म्हटलं तुम्ही शेजारी, तुम्ही एक शब्द टाका. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "मी फोन करणार नाही. आमचं तीन वर्षं बोलणं नाही." का? तर कुंपण. सरळ करताना कोणी तरी चार फूट आत सरकवलं.

मंडळी, मी तेरा हजार किलोमीटर लांब येऊन बांधाच्या भांडणात सापडलो.

अंधार पडत होता. बंदूक रिकामी करून पेटीत घातली, पेटी गाडीत कुलूप लावून. नारिंगी जाकीट अंगावरच ठेवलं. मिशिगनकर काकांनी सांगितल्याप्रमाणे गाडी रस्त्यावरच्या दिव्याखाली लावली, घंटी वाजवून चार पावलं मागे उभा राहिलो. घरात कोणी नाही. पन्नास मिनिटं उभा होतो. उणे सहा तापमान, पायाची बोटं आहेत की नाहीत कळेना. आत जाऊन ओढून आणावं असं एकदा नाही, चारदा मनात आलं. कोणाला कळणार होतं?

तो आला. पिकअपच्या दिव्यांत मला बघून गाडी तिथेच थांबवली, इंजिन चालू. मी लांबूनच हात दिसतील असे ठेवून काय झालं ते सांगितलं. त्याने विचारलं, "तूच ऑगस्टमध्ये आला होतास?" हो म्हटलं. "कुठे पडलीय?" सांगितलं. मग म्हणाला, "गाडी घालू नकोस आत. गहू पेरलाय."

एवढीच परवानगी. तो गोठ्याच्या बाजूला गेला, मला वाटलं संपलं. तर प्लास्टिकची घसरगाडी घेऊन आला, मुलांची, लाल, एका बाजूला चिरलेली. "उद्या परत आणून ठेव." आणि आत गेला. दार लावलं. बॅटरी तोंडात धरून मी ती मादी कडेकडेने साडेतीनशे यार्ड ओढली. गव्हावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून.

चूक ही की हंगामाआधीच आजूबाजूच्या चारही मालकांना भेटून "जखमी जनावर इकडे आलं तर आणायला येऊ का" एवढं विचारून ठेवायला हवं होतं. शिकारीला नाही म्हणणारा माणूस यालाही नाही म्हणेल असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

---

जुना_मिशिगनकर | २ डिसेंबर

आत गेला नाहीस. शाबास. घसरगाडी परत केलीस का?

---

बांधावरचा | २ डिसेंबर

दुसऱ्या दिवशी सकाळीच. धुऊन. घरी कोणी नव्हतं, पायरीवर ठेवली आणि आत चिवड्याची पिशवी आणि माझ्या नाव-नंबराची चिठ्ठी. अजून काही उत्तर नाही. पुढच्या वर्षीचं विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

---

कोल्हापूरची_सून | ३ डिसेंबर

चकली द्यायची होती. चिवडा त्यांना सांडल्यासारखा वाटतो.

---

भाताचो_राखणदार | ३ डिसेंबर

माझी पण बातमी. अर्ज केला, पोच घेतली (कलमवाले, आभार), परवानगीचा कागद मिळाला. त्या दिवसापासून डुकरां माझ्या भातात येणत नाय. शेजाऱ्याच्या सुरणात जातत. त्याच्याकडे कागद नाय.

ता सोड. मटणाचा काय केलंस?

---

बांधावरचा | ३ डिसेंबर

फ्रीझरमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद केली, ती सक्तीची. पण या भागात हरणांना मेंदूचा एक रोग आहे, सीडब्ल्यूडी, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला तो इथूनच जवळ. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी रोग असलेलं मांस खाऊ नका असं सांगतात. म्हणून मुंडकं सरकारी पेटीत तपासणीला टाकलं, फुकट असतं. पाकिटांवर तारीख लिहून "थांबा" अशी चिठ्ठी लावलीय. म्हाताऱ्याचा वाटा वेगळा बांधलाय, शेजाऱ्याचाही.

आईने मे महिन्यात दिलेला मालवणी मसाला अजून फोडलेला नाही. रिपोर्ट आला की फोडतो.